तांदळातले सोंडे आणि मनातले



यंदा दशलक्षण पर्वाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमक्या उत्तम मार्दवाच्या दिवशी, माझ्याकडून चूक झाली. सकाळी मंदिरात गेले, तर आमच्या एक वयस्कर काकू पूजेच्या डब्यातले तांदूळ पिशवीत भरत होत्या. मला पाहून त्यांनी पिशवी पदराआड घेतली. मी काहीच विचारलं नाही. घरी आल्यावर पोळ्या लाटता लाटता जाऊबाईंना मात्र सांगितलं. रोहणा काही मोठं गाव नाही. संध्याकाळच्या आरतीपर्यंत गोष्ट चार घरी पोहोचली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी तांदूळ परत आणले. तांदळात सोंडे झाले होते. तसेच धुतले असते तर जीव मेले असते, म्हणून त्यांनी घरी नेऊन दाणा न् दाणा निवडला होता. मग पिशवी लपवली कशाला? त्या महिन्यात डब्याकडे लक्ष द्यायची पाळी माझी होती. मला वाईट वाटू नये म्हणून!

दुसऱ्याचा दोष झाकणं म्हणजे उपगूहन, सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी एक. मी ही अंगं घडाघडा म्हणते. काकूंनी त्यातलं एक पाळून दाखवलं.

आपल्या कोकणात बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज शेकडो वर्षं राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ज्यू धर्माच्या 'पिर्के आवोत' या जुन्या ग्रंथात सांगितलं आहे, की कुणालाही तोलताना त्याच्या चांगुलपणाच्या पारड्याकडे झुकावं. त्यांच्या तालमूदमध्ये एका मजुराची गोष्ट आहे. तीन वर्षं राबून तो मजुरी मागतो. मालक म्हणतो, पैसे नाहीत, धान्य नाही, जनावरं नाहीत, अंथरूणसुद्धा नाही. मजूर रिकाम्या हाताने घरी जातो, पण मालकाला लबाड ठरवत नाही. काहीतरी अडचण असेल, असंच धरतो. आणि तसंच असतं. सण झाल्यावर मालक मजुरी तर आणतोच, वर तीन गाढवं भरून खाणंपिणं आणतो.

तीन वर्षांची मजुरी अडकलेली असताना त्याने चांगलं धरलं. माझं तर ओंजळभर तांदळाचंही नुकसान झालं नव्हतं. अनेकांताचे पाठ ऐकून मी एकच बाजू पाहिली, आणि तीही अर्धीच.

क्षमावणीला सगळ्यांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणणं सोपं असतं. काकूंसमोर मात्र नेमकं काय केलं ते सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "ऐकलं होतं गं मी." एवढंच. नंतर मी त्या चारही घरी जाऊन खरं सांगितलं. तरी ते किती ठिकाणी पोहोचलं असेल, कोण जाणे. काकू आता त्या डब्याला हात लावत नाहीत.

तांदूळ मीच निवडते. दर आठवड्याला, चष्मा लावून.