परकर, नाडी आणि टिकल्यांचं पाकीट

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. कोल्हापूरजवळ हमरस्ता पाण्याखाली गेला, वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. इकडे मुलुंड पूर्वेत आमच्या सोसायटीत तांदूळ, बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांची गाठोडी जमत होती.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडचं. पंचगंगा कृष्णेला मिळते तिथून हाकेच्या अंतरावर. वहिनी एका शाळेतल्या छावणीत होत्या. फोन लागला तेव्हा म्हणाल्या, "वन्सं, तांदूळ-डाळ लई आलंय. पण अंगावरचा परकर भिजला तर बदलाय दुसरा न्हाई. आणि आलेल्या परकरांना नाड्याच न्हाईत."

आमच्या ढिगात हात घातला. खरंच, जुन्या परकरांच्या नाड्या लोकांनी काढून ठेवल्या होत्या.

मग ठरलं, प्रत्येक बाईला एक कापडी पिशवी द्यायची आणि आत सगळं कोरं. नाडी ओवलेला परकर, सेफ्टी पिना, पॅड, खोबरेलाची बाटली, कंगवा, हातरुमाल, टिकल्यांचं पाकीट. मुलांसाठी रंगखडू आणि चित्रांची वही. बाजारातल्या एका दुकानदारानं परकर खरेदीच्या भावात दिले आणि नाड्या आपल्याकडून. नाड्या ओवायला सोसायटीतल्या आज्या बसल्या.

"लोकांची घरं गेली आणि तुम्ही टिकल्या काय पाठवता?" असं एक काका कळवळूनच म्हणाले. पण घर गेलेली बाई आठ दिवस विस्कटलेल्या केसांनी, परक्या माणसांसमोर ओल्या लुगड्यात वावरते, तेव्हा तिला तेल-कंगवा हवाच असतो. पोटाची सोय झाल्यावर बाकीचं मागायला तिला लाज वाटते, म्हणून ते न मागता द्यावं, असं माझं तेव्हाही ठाम मत होतं.

खरा वाद वेगळाच झाला. एखादी पिशवी विधवेच्या हाती पडली तर? टिकल्यांची पाकिटं वेगळी काढून ठेवू, असं दोघी-तिघींचं म्हणणं पडलं. म्हणजे पूरग्रस्त बाईला रांगेत उभी करून आधी नवऱ्याची चौकशी करायची! पाकीट सगळ्यांच्या पिशवीत गेलं. लावायची की नाही ते जिचं तिनं ठरवावं. पुढे मे २०२२ मध्ये त्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी मी त्या दोघी-तिघींना मुद्दाम वाचून दाखवली.

रस्ता सुरू झाल्यावर टेम्पो गेला. वहिनींनी सांगितलं, बायकांनी पिशवी उघडून आधी तेल काढलं आणि एकमेकींच्या वेण्या घालायला बसल्या.

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आम्ही आधी फोन केला आणि मग खरेदीला निघालो. तिथल्या बायकांनी मोठ्या मापाचे गाऊन आणि चिखल उपसायला रबरी हातमोजे मागितले. गाऊन आम्ही गडद रंगाचेच घेतले, कारण धुवायला पाणी नाही असंही त्यांनी सांगितलं होतं.