दार्जिलिंगची वाफेची गाडी आणि वाळू टाकणारे चार हात

१/ दार्जिलिंगच्या छोट्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला दऱ्या दिसतात, चहाचे मळे दिसतात, आकाश निरभ्र असेल तर कांचनगंगाही दिसते. इंजिनाच्या पुढील तुळईवर बसलेली दोन माणसे मात्र त्याला दिसत नाहीत. वाफेच्या काळात ती पाहायची असतील, तर गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागे.

२/ ईस्टर्न बंगाल रेल्वेचे एजंट फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी हा मार्ग सुचवला. सिलिगुडीहून वर जाणारा हिल कार्ट रोड आधीच होता, पण बैलगाडीने माल चढवणे महाग पडे. त्याच रस्त्याच्या कडेने केवळ दोन फूट रुंदीचे रूळ टाकण्यात आले. १८७९ मध्ये काम सुरू झाले आणि १८८१ मध्ये गाडी दार्जिलिंगला पोहोचली. संपूर्ण मार्गावर बोगदा एकही नाही, आणि घूम स्थानक तर २,२५८ मीटर उंचीवर!

३/ बोगद्याविना एवढी उंची गाठली ती वेटोळ्यांनी आणि झिगझॅगने. झिगझॅगवर गाडी पुढे जाऊन थांबते, सांधा बदलतो, गाडी उलट्या दिशेने वरच्या टप्प्यावर चढते. पुन्हा सांधा बदलतो आणि ती पुढे निघते. 'पुढे जाता येत नसेल तर मागे का जात नाही?' असे पत्नीने विचारल्यावर ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका गोड आहे. परंतु खंडाळ्याजवळ बोरघाटात १८६३ पासूनच गाड्या अशाच दिशा बदलून चढत होत्या. युक्ती नवी नव्हती. ती इतक्या अरुंद रुळांवर, इतक्या अडचणीच्या डोंगरात वापरली, हे खरे कर्तृत्व.

४/ १८८९ पासून येथे 'बी' वर्गाची इंजिने आली. त्यांना चाके अवघी चार, आणि चारही ओढणारी. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली. सगळे वजन त्या चार चाकांवर पडत असल्याने पकड चांगली मिळे. पण धुक्याने रूळ ओले झाले की तीही अपुरी पडे. चाके जागच्या जागी गरगरत आणि गाडी अडे.

५/ येथे ती दोन माणसे कामी येत. डावीकडच्या आणि उजवीकडच्या रुळावर ती हाताने वाळू सोडत. कमी पडली तर चाक घसरे, जास्त झाली तर मागच्या डब्यांना ओढ जड होई. किती टाकायची, हे चाकांच्या आवाजावरून नि हाताच्या सवयीने ठरे. कोळशाच्या ढिगावर आणखी एक जण ढेकळे फोडत बसे. चालक आणि फायरमन धरून एका चिमुकल्या इंजिनावर पाच जण! प्रेस्टेज यांचे नाव पुस्तकांत आले; या पाचांपैकी कोणाचे सहसा येत नाही.

६/ १९९९ मध्ये युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारसा ठरवले. पुढे लांबच्या फेऱ्या डिझेल इंजिनांकडे गेल्या. वाफेचे इंजिन आता मुख्यतः दार्जिलिंग ते घूम या फेऱ्यांना जुंपले जाते. ती फेरी घेणाऱ्या हौशींनी तिकीट अवश्य काढावे, पण एक गाडी सोडूनही द्यावी. गाडीचा वेग इतका बेताचा असतो, की चढावर उभ्या माणसाला ती समोरून येताना पुष्कळ वेळ दिसते: आधी धूर, मग शिटी आणि मग धापा टाकणारे ते इंजिन.