अजून चार मिलिमीटर

म्युनिक, रविवार

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "चार मिलिमीटर शिल्लक आहे ना, मग चांगली पॅडं कशाला काढून टाकतोस?" तेव्हा घाईत होतो, म्हणून आज निवांत लिहितो.

माझी माझ्दा एमएक्स-फाइव्ह तू फोटोत पाहिली आहेस. दोघांपुरती, उघड्या टपाची, जेमतेम हजार किलोची. नवं ब्रेक पॅड साधारण दहा मिलिमीटर जाड असतं. तीनवर आलं की बदलायचं, असा गॅरेजवाल्यांचा हिशेब. त्या हिशेबाने तुझं म्हणणं बरोबरच आहे. नुसतं ऑफिसला जायचं-यायचं असतं, तर मीही काही महिने थांबलो असतो.

पण पुढच्या आठवड्यात मी ग्रोसग्लॉकनरला निघालोय. ऑस्ट्रियातला 1935 साली खुला झालेला घाटरस्ता. लांबी 48 किलोमीटर, हेअरपिन वळणं 36, आणि चढ थेट 2504 मीटरपर्यंत. मला धास्ती चढाची नाही, उताराची आहे.

हे बघ, पॅड म्हणजे तापलेली डिस्क आणि ब्रेक ऑइल यांच्यामधली भिंत. माझ्यासकट अकराशे किलोची ही गाडी ताशी 100 किलोमीटरवरून एकदा थांबवली, तर तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळेल. उतारावर तर वळणामागून वळण, डिस्कला निवायला उसंतच नाही. भिंत पातळ झाली की धग पिस्टनमधून ऑइलपर्यंत लवकर पोचते. डॉट-4 ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल ओढून घेतं आणि मग हा आकडा 155 च्या आसपास येऊ शकतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पाय दाबला की पेडल पोकळ खाली जातं आणि गाडी पुढेच जात राहते.

आंबेनळी घाट आठवतो? महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना तुझ्या काकांच्या जीपमध्ये करपट वास आला होता. काकांनी जीप कडेला घेऊन अर्धा तास थंड होऊ दिली आणि मग दुसऱ्या गिअरवर हळूहळू उतरवली. तो वास मी विसरलेलो नाही.

आता खरी गोष्ट. चार मिलिमीटर हे माप मी चाकाच्या फटीतून बघून सांगितलं होतं, म्हणजे बाहेरच्या पॅडचं. शनिवारी चाक काढलं, तर डावीकडचं आतलं पॅड अडीचवर आलेलं. कॅलिपरची पिन गंजून अडकत होती, त्यामुळे आतल्या बाजूलाच जास्त घासलं जात होतं. पॅडला एक पत्री असते, झीज फार झाली की ती डिस्कला लागून किंचाळते. माझी अजून गप्प होती. म्हणून आवाजाची वाट बघणं मला पटत नाही. घाटात जाणाऱ्या गाडीची पॅडं अर्ध्यावर आली की बदलावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या दोन्ही चाकांची पॅडं बदलली, पिना साफ करून ग्रीस लावलं, ऑइलही नवं भरलं.

तूही पावसाळ्याआधी तुझ्या गाडीचं चाक काढून घे, आतलं पॅड स्वतः मोज आणि आकडा मला कळव.

तुझा