दोन ओळींची जागा

मथळे देण्याची मला जुनी खोड आहे. शाळेच्या वार्षिक अंकाचें संपादन मीं बावीस वर्षें केलें आणि ‘पावसाळा’ ह्या नांवानें आलेला एकही निबंध त्या नांवानें छापूं दिला नाहीं. त्यामुळें कोंकणांत दवाखाना चालविणारी माझी पुतणी परवां म्हणाली, “काका, माझ्या संकेतस्थळावरच्या एका पानाला मथळा हवा आहे, आणि त्याखालीं दोन ओळींचें वर्णन,” तेव्हां आपली विद्या अखेर कोणाच्या तरी उपयोगीं पडणार, ह्या कल्पनेनें मी सुखावलों. पान सर्पदंशावर होतें.

तिनें अटी सांगितल्या. गूगलवर कांहीं शोधलें म्हणजे जी यादी येते, तींत प्रत्येक पानाच्या वाट्याला एक मथळा व थोडा मजकूर येतो. मथळा साठएक अक्षरांपुढें गेला कीं बहुधा कापला जातो. वर्णनाला दीडशेंच्या आसपास जागा. शिवाय आपण लिहिलें तेंच दिसेल असेंही नाहीं. गूगलला वाटलें तर तो पानांतलेंच एखादें वाक्य उचलून दाखवितो. (संपादकाच्या वरचा हा संपादक मला मुळींच आवडला नाहीं.) वर्णनाच्या जोरावर पान यादींत वर चढत नाहीं, पण वाचकानें टिचकी मारावी कीं पुढें जावें, हें पुष्कळदां तेथेंच ठरतें.

मीं लिहिलें : ‘साप चावला? ही एक चूक जिवावर बेतेल!’ आणि खालीं, ‘बहुतेक लोक घाबरून नेमकी हीच चूक करतात. ती कोणती? आंत वाचा.’ कीर्तनकार ऐन रंगांत थांबून बुक्का लावून घेतो आणि श्रोता जागचा हलत नाहीं, तसें कांहींसें मला साधलें होतें.

पुतणी हंसली नाहीं. “काका, हें वाचणारा कोण असेल? रात्रीं दोन वाजतां कोणाच्या तरी बापाचा पाय सुजतो आहे. मुलाच्या हातांत फोन आहे आणि रेंज जेमतेम. पान कदाचित् उघडणारही नाहीं. त्याला तुम्ही विचारतां, ती चूक कोणती?”

मी गप्प झालों. लहानपणीं आजोळीं एका गड्याला फुरसें चावलेलें मीं पाहिलें आहे. पायाला करकचून दोरी आवळून त्याला रात्रभर मांत्रिकाच्या अंगणांत ठेवला होता. तो वांचला, पाय मात्र गुडघ्याखालीं कापावा लागला. ती दोरी मला ठाऊक होती, आणि मथळा रंगावा म्हणून मीं तीच दडवून ठेवली होती!

दुसऱ्यांदा लिहिलें तें असें : ‘साप चावल्यास लगेच काय करावें’. खालीं, ‘जखम कापूं, चोखूं नका. दोरी आवळूं नका. दुखत नसलें तरी, हात-पाय न हलवितां, ताबडतोब प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत न्या. १०८ ला फोन करा.’ ‘दुखत नसलें तरी’ हे शब्द तिचे. मण्यारीचा दंश पुष्कळदां जाणवतही नाहीं, आणि माणूस पुन्हा झोंपी जातो. हींच वाक्यें तिनें पानाच्या आरंभींही घातलीं, म्हणजे गूगलनें उचललें तरी बहुधा हेंच उचलावें.

महिनाअखेर ती आंकडे पाहते : पान यादींत किती वेळां दिसलें, आणि किती जणांनीं उघडलें. दुसरा आंकडा पहिल्यापुढें फारच लहान आहे. संकेतस्थळ सांभाळणारा मुलगा तिला सांगतो कीं, वर्णनांतच सगळें सांगून टाकल्यावर आंत कोण येणार? ती ‘बघूं’ म्हणते आणि कांहीं बदलत नाहीं.

माझा पहिला मथळा अजून वहींत आहे. खरें सांगायचें तर तो मला अजूनही आवडतो. तिच्या आईनें लोणच्यांचें संकेतस्थळ काढायचें मनांत घेतलें आहे. तेथें तो खपतो का, हें विचारून पाहणार आहें.