भरलें घर कीं रिकामें?

चिरंजीवांकडे बोस्टनला राहिलों असतां मेन संस्थानांतील लुइस्टन हें लहानसें शहर आम्ही पाहून आलों. अँड्रोस्कॉगिन नदीच्या पाण्यावर येथें कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या व क्वेबेकहून आलेल्या फ्रेंच भाषिकांनीं त्या चालविल्या. पुढें तो धंदा आधीं दक्षिणेकडे व मग परदेशीं गेला. गिरण्या थंडावल्या, तरुण मंडळी पोटामागें बाहेर पडली. २००० सालीं लोकवस्ती ३५,६९० उरली.

२००१ पासून सोमालियांतील यादवीनें देशोधडीस लागलेलीं कुटुंबें येथें येऊं लागलीं. दुसऱ्याच वर्षीं नगराध्यक्षांनीं, हा ओघ आतां आवरा, असें जाहीर पत्र त्यांस लिहिलें. खरें सांगावयाचें तर, हें ऐकून आमचें मन नगराध्यक्षांकडेच झुकलें. भरल्या घरांत अनोळखी पाहुणे कोणास रुचतात?

परंतु घर भरलेलें होतें कोठें? लिस्बन रस्त्यावरील कित्येक बंद दुकानें ह्याच लोकांनीं उघडलीं. २०२० सालीं वस्ती ३७,१२१ झाली. शिवाय ते फ्रेंच भाषिक तरी कोण? तेही एके काळीं उपरेच! १९१९ च्या कायद्यानें शाळांतून त्यांच्या भाषेंत शिकविण्यास मनाई झाली होती.

परततांना चिरंजीव गाडी हांकीत होते. तेही त्या देशीं उपरेच, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. आपल्या मुलास दार उघडणाऱ्यांस आम्ही दुवा देतों आणि दुसऱ्याच्या मुलावर दार लावणाऱ्यांस मान डोलावतों. हा न्याय कोठला?