पेशींचं पाऊल

जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरली की झालंच. हा सल्ला आमच्या भागातल्या मराठी आणि कानडी घरांत एकमताने दिला जातो. (एकमत होण्याचे विषय तसे थोडेच!) आईच्या टाचेत काटा रुतला. मधुमेहाने पाय बधिर, त्यामुळे तिला कळलंच नाही, आणि आठ दिवसांत रुपयाएवढी जखम झाली. डॉक्टरांनी ती झाकून, ओलसर ठेवायला सांगितली, तेव्हा घरात खळबळ उडाली.

मी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, जखम वरून सुकत नाही, कडेने चालत येते. काठावरच्या त्वचेच्या पेशी शेजारणींचा हात सोडतात, तव्यावरच्या आंबोळीसारख्या पसरतात आणि आत सरकू लागतात. पण सरकायला पायाखाली धरायला काही हवं. गोठलेल्या रक्तातल्या फायब्रिन-फायब्रोनेक्टिनच्या जाळीत ते मिळतं. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले इंटेग्रिन नावाचे रेणू बाहेरून ही जाळी धरतात, आतून पेशीच्या दोऱ्यांना धरतात. पुढे चिकटायचं, ओढायचं, मागचं सोडायचं. फायब्रोनेक्टिनच्या एका साखळीत दोन हजारांवर अमिनो आम्लं. त्यातल्या मोजक्या तीन-चारांवर ही पकड बसते, हे १९८४ मध्ये दिसून आलं.

१९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग केले. झाकलेल्या ओलसर जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने आली. कोरड्या खपलीखालून पेशींना वाट खोदत जावं लागतं. सुकून चिकटलेली पट्टी ओढली तर नव्या पेशीही उपटून येतात.

पकड सुटलेली पेशी स्वतःला संपवते, हे ऐकून मात्र मी गप्प झालो. १९९४ मध्ये या मरणाला ग्रीकवरून 'अ‍ॅनॉइकिस' नाव दिलं गेलं, म्हणजे बेघर होणं. कर्करोगाच्या पेशी मात्र हे मरण चुकवतात आणि परमुलखात ठाण मांडतात.

पट्टी बदलायला येणारी नर्स विचारते, "अज्जी, गाय हेंग ऐती?" पहिल्यांदा आई म्हणाली होती, "अगं, गाय विकून वीस वर्षं झाली!" कानडीत जखमेला 'गाय' म्हणतात हे तिला ठाऊक आहे, पण थट्टा सोडवत नाही.

साखर चढली की पेशींची चाल मंदावते, म्हणून तिचा गूळ कुलपात आहे. परवा पट्टीने मोजलं. गुलाबी कड दोन मिलिमीटर आत आली होती. मधे अजून हरभऱ्याएवढी जागा उघडी आहे.