चितळकर नावाच्या गायकाची बाजू

आदरणीय अण्णा,



तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. संगीतकार सी. रामचंद्रांशी नाही, त्यांच्यापुढे आम्ही केव्हाच हात जोडले. ‘अनारकली’, ‘आझाद’, ‘नवरंग’ एवढी नावं घेतली तरी पुरे. भांडण आहे ते चितळकर नावाच्या गायकाला तुम्ही दिलेल्या वागणुकीबद्दल. संगीतकाराला सुटसुटीत नवं नाव दिलंत आणि गायकाला नुसतं आडनाव. ठरलेला गायक आला नाही म्हणून घरच्याच माणसाला माइकपुढे उभं केलं, असा थाट. लोकांनीही ते खरं मानलं. चितळकर म्हणजे अण्णांची हौस, असं म्हणून मोकळे झाले.

विदर्भातल्या लाखनीत बसून हे सांगायचा मला काय अधिकार, असं विचाराल. एक तर नागपूर. तुमचा जन्म पुणतांब्याचा, 1918 सालचा. पुण्यात तुम्ही विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलात. पण नागपुरात शंकरराव सप्र्यांकडेही तुमची तालीम झाली, आणि वसंतराव देशपांड्यांचेही ते गुरू. तेव्हा थोडा हक्क आमचाही. दुसरं कारण वरातीतला बँड. इकडे तुमची गाणी रेडिओइतकीच लग्नाच्या बँडनं पोचवली. क्लॅरनेटवाल्यानं ‘भोली सूरत’ची चाल धरली, की तोवर मांडवात पान चघळत बसलेले मामा-काका दोन्ही हात अर्धवट वर करून भगवानदादांसारखे जागच्या जागी डुलायला लागत. कुणाला शिकवावं लागत नसे. आता बँड मागे पडला, धुमाल आला. त्याच्या दणक्यात खिडक्यांच्या काचा थरथरतात, पण चाल कुठली वाजते आहे ते मात्र कान देऊन ओळखावं लागतं.

बँड या गोष्टीचा तुमच्याइतका खोल विचार आपल्याकडे फार थोड्यांनी केला. अमेरिकेत बेनी गुडमन, टॉमी डॉर्सी यांचे मोठे बँड गाजत होते, तेव्हा तुम्ही मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटी वाजवत होतात. तिकडच्या बँडमध्ये गायकाची जागा ठरलेली असे. वादकांच्या रांगेतून उठायचं, मधला तुकडा गायचा, पुन्हा जाऊन बसायचं. ट्रंपेटवाला जसा एक, तसाच गाणाराही एक. फ्रँक सिनात्रा 1940 साली डॉर्सीच्या बँडमध्ये गेला आणि मालकाचा ट्रॉम्बोन ऐकून श्वास कसा पुरवायचा ते शिकला, हे त्यानंच सांगून ठेवलं आहे. आपल्या सिनेमात नेमकं उलटं. गायक पालखीत आणि वाद्यं पालखी वाहणारी.

माझं म्हणणं असं, की आपल्या पार्श्वगायकांत बँडचा खरा गायक एकच झाला, तो म्हणजे चितळकर. ‘अलबेला’मधलं ‘शोला जो भडके’ नीट ऐका (तुम्हाला मी ‘नीट ऐका’ म्हणतो आहे, माफ करा). बोंगो, ट्रंपेट, क्लॅरनेट, सॅक्सोफोन अशी सगळी फौज आहे. लताबाईंचा आवाज त्या फौजेच्या वरून, अंतर राखून जातो. तुमचा आवाज मात्र थेट गर्दीत शिरतो. त्यात फिरत नाही, ताना नाहीत. शब्द तालावर नेमका टाकायचा आणि लगेच बाजूला व्हायचं, म्हणजे पुढची जागा पितळी वाद्यांना मिळते. गळ्याची मर्यादा ओळखून तिचा इतका चोख उपयोग करणारा माणूस हौशी कसा?

‘पतंगा’मध्ये (1949) तर तुम्ही आधी गात नाही, बोलता. रंगूनहून देहरादूनला लावलेला फोन. ते बोलणंही मात्रेत बसलेलं, आणि शमशाद बेगमचा खणखणीत आवाज आला की तुमचा सूर बायकोपुढे मवाळ झालेल्या नवऱ्यासारखा खाली येतो. साडेतीन मिनिटांची तबकडी, त्यात एवढं नाटक! त्याआधी ‘शहनाई’मध्ये (1947) ‘आना मेरी जान संडे के संडे’ करताना तुम्ही गिटार, माउथ ऑर्गन आणि शिट्टी एकत्र आणलीत. सोवळ्यातल्या मंडळींनी नाकं मुरडली. पुढे केसकर मंत्री झाल्यावर आकाशवाणीनंही सिनेसंगीताकडे पाठ फिरवली. मग लोकांनी रेडिओ सिलोन लावला.

या गाण्यांच्या श्रेयात गोव्याचा वाटा मोठा, आणि तो तुम्ही लपवला नाहीत. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ताज हॉटेलात ट्रंपेट वाजवायचा आणि तुमच्याकडे साहाय्यक असायचा. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही मंडळी मुंबईत दारूबंदी आल्यावर हॉटेलांतली कामं आटली तशी स्टुडिओंकडे अधिकाधिक वळली. तुम्ही चाल गाऊन दाखवायची, त्यांनी कागदावर उतरवून वाद्यांत वाटून द्यायची. ‘अलबेला’त तर चिकला तुम्ही बँडसकट पडद्यावर आणलंत. ‘ईना मीना डीका’त जॉनी गोम्सचे कोकणी शब्दही राहू दिलेत.

उसनवारीचंही बोलून टाकतो. ‘गोरे गोरे’ची चाल एडमंडो रॉसच्या गाण्यावरून आली. त्रिनिदादचा माणूस, लंडनमधला त्याचा बँड, आणि गाणं वाजतं ‘समाधी’ या आझाद हिंद सेनेच्या चित्रपटात! मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. लता आणि अमीरबाई यांची जी खेळीमेळीची जुगलबंदी तुम्ही त्यात घातलीत, ती तुमचीच.

मला खटकतं ते ‘आझाद’मधलं ‘कितना हसीं है मौसम’. गाणं गोड आहे, वाद नाही. ते तलतसाठी होतं आणि ऐनवेळी तुम्ही गायलात असं सांगतात. ऐकताना वाटतंही तसंच, कारण तिथे तुम्ही तलतचा मखमली अंगरखा चढवला आहे. दिलीपकुमारला तो शोभला असेल. पण भगवानदादांसाठी गाणारा बेरकी, हसरा, किंचित टपोरी चितळकर त्यात हरवला. भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’पासून (1942) त्यांची तुमची जोडी. त्या दोस्तीत तुम्ही मोकळे गायलात, इथे अदबीनं.

पुढे 27 जानेवारी 1963 उजाडला. दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, प्रदीपजींचे शब्द, लताबाईंचा स्वर, समोर पंडितजी. त्या गाण्यानं तुमचं नाव कायमचं गंभीर करून टाकलं. मराठीत ‘घरकुल’साठी (1970) आमच्या विदर्भाच्या सुरेश भटांच्या ‘मलमली तारुण्य माझे’ आशाबाईंकडून तुम्ही जे गाऊन घेतलंत, त्याला तोड नाही, पण तोही संगीतकाराचाच मान. 5 जानेवारी 1982ला तुम्ही गेलात, आणि तेव्हापासून तुमच्यावरच्या कार्यक्रमांत निवेदक ‘ते स्वतः गातही असत’ एवढ्या एका वाक्यात चितळकरांना उरकतो.

परवा भाच्यानं मोबाईलवर ‘शाम ढले’ लावलं. गायकांत चितळकर, संगीत सी. रामचंद्र. “मामा, हे दोघं भाऊ होते का?” मी सांगितलं, एकच माणूस. त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, मग स्वतःचं नाव दोनदा का नाही लिहिलं? ‘माझ्या जीवनाची सरगम’ त्याच्या हाती द्यावी म्हणतो. पण उत्तर तुम्हीच दिलंत तर बरं.



आपला,
लाखनीचा एक श्रोता